निरंक

“ताई, कॅगचा अहवाल आला की पेपरात दोन दिवस नुसते ताशेरे. मग पुढे होतं काय?”

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढताना तुम्ही हे विचारलंत. त्या आठवड्यात तुमच्या आई सरकारी दवाखान्यात भरती होत्या आणि तीन दिवसांत साडेसतराशेची इंजेक्शनं तुम्ही बाहेरच्या मेडिकलमधून आणली होती. मी ‘होतं हो काहीतरी’ म्हणाले आणि जिना चढून वर आले. त्या उत्तराने रात्रभर मला चैन पडली नाही. हा प्रश्न भाचीने विचारलाय, सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी विचारलाय, एकदा तर ऑटोवाल्याने सिग्नलवर मागे वळून विचारलाय. सरकारी खर्चाचे हिशोब तपासणाऱ्या या कॅगच्याच लेखापरीक्षणात मी तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी दवाखान्यांचे हिशोब तपासण्यात गेली. तेव्हा तुम्हाला धड उत्तर देणं माझ्याकडे लागतं. म्हणून हे बसून लिहिलं.

होतं. उशिरा होतं, अर्धवट होतं, पण होतं. मात्र आपण सगळे ज्या रकान्यात उत्तर शोधतो, तो रकाना मला चुकीचा वाटतो. घोटाळा म्हटला की प्रत्येकजण विचारतो, ‘खाल्ले किती?’ औषधांच्या खरेदीत त्याहून आधी विचारायचा प्रश्न आहे, ‘आलंच नाही किती?’ हे मला एका वहीने शिकवलं. ती वही आधी सांगते, विधानभवनाकडे मग जाऊ.

पूर्व विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात आमची ऑडिट पार्टी गेली होती. नोव्हेंबर होता, धानाची कापणी चाललेली. औषध भांडार तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूने आत जाणारं. लोखंडी रॅक, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलेले सलाईनचे खोके, ओल लागू नये म्हणून त्यांच्याखाली फळ्या. फ्रीजच्या दाराला सुतळीने बांधलेली तापमानाची वही. औषधनिर्माण अधिकारी पन्नाशीच्या पुढचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी साठा नोंदवह्या आणून टेबलावर रचल्या आणि स्वतः उभेच राहिले. मी दोनदा म्हटलं तेव्हा स्टुलावर टेकले.

साठा नोंदवहीत एका औषधाला एक पान असतं. तारीख, माल कुठून आला, बॅच, मुदत कधी संपते, आवक, जावक, शिल्लक. आम्हाला शिकवलेलं असतं की आवकेकडे आधी बघा. पुरवठा आदेश, चलन, बिल आणि दर जुळवा. दरकरारात, म्हणजे पुरवठादाराशी आधीच ठरलेल्या दरांच्या करारात, एक दर आणि बिलात दुसरा असेल तर तिथे आक्षेप. मी तेच करत होते. सर्पदंशावरच्या औषधाचं पान उलटलं, आणि शिल्लकच्या रकान्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून निळ्या शाईत एकच शब्द खाली खाली उतरत गेलेला दिसला. निरंक. निरंक. निरंक. दर सोमवारी, सप्टेंबरच्या शेवटापर्यंत साठा शून्य.

म्हणजे रोवणी सुरू झाल्यापासून निंदण उरकेपर्यंत. बायका घोटाभर चिखलात वाकून दिवस काढतात आणि रात्री जमिनीवर निजतात, नेमके ते महिने.

“इतके आठवडे?” मी विचारलं.

“मॅडम, मी दर महिन्याला मागणीपत्र पाठवलं. स्थळप्रती आहेत.” पाठवलेल्या पत्रांच्या स्वतःकडे ठेवलेल्या प्रतींची फाइल त्यांनी पुढे केली. चार स्थळप्रती, चारींवर जावक क्रमांक. शेवटच्या पत्रावर त्यांनी लाल शाईने ‘अत्यंत तातडीचे’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. ते पत्र वाचणाऱ्याला त्या रेघा दिसल्या असतील का, हा विचार आजही माझ्या मनात येतो.

पैसे नव्हते का? होते. अनुदान एप्रिलमध्येच आलं होतं. पण या औषधाचा दरकरार मार्चमध्ये संपला होता आणि नवी निविदा वरच्या कार्यालयात अडकली होती. दरकरार नाही म्हणून पुरवठा आदेश नाही. स्थानिक खरेदीची मुभा होती, पण तिची मर्यादा सलाईन आणि अँटिबायोटिकमध्ये मेच्या अखेरीसच संपली होती. ऑक्टोबरमध्ये मात्र वर्षभराचा माल एकदम आला. मी भांडारात उभी होते तेव्हा ते खोके माझ्या मागेच होते.

मग मी सोबतच्या मुलाला रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं आणि त्या चार महिन्यांतले सर्पदंशाचे केसपेपर मागवले. काहींना टाचणीने चिठ्ठी लावलेली होती, ‘एएसव्ही १० व्हायल, बाहेरून आणणे’. एएसव्ही म्हणजे तेच सर्पदंशावरचं औषध, व्हायल म्हणजे त्याची छोटी बाटली. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल लागतात. मजुरी करणाऱ्या माणसाने रात्री दहा वाजता ती कुठून आणायची? उरलेल्यांवर ‘रेफर’ लिहिलेलं. एका कागदावर दाखल झाल्याची वेळ ९.४०, रेफर केल्याची १०.०५. वय चौतीस, स्त्री, धंदा शेतमजुरी. मेडिकल कॉलेज तिथून तीन तासांवर. पुढे त्या बाईचं काय झालं ते त्या केसपेपरात नव्हतं, आणि मला ते कधीच कळलं नाही.

आता यात आर्थिक आक्षेप कोणता लिहायचा? जादा पैसे कोणालाच गेले नव्हते. खोटं बिल नव्हतं, वसुलीची रक्कम शून्य. आमच्या कामात आक्षेपाला रकमेचं वजन लागतं. लाखाचा आक्षेप तालुक्यात राहतो, कोटीचा विधानभवनापर्यंत जातो. तरी मी हाफ मार्जिन काढली. कागदाच्या डाव्या अर्ध्यात आपण प्रश्न लिहायचा, उजवा अर्धा कार्यालयाने खुलाशासाठी वापरायचा, म्हणून ते नाव. उजव्या बाजूला उत्तर आलं, ‘वस्तुस्थिती मान्य. दरकरार अंतिम न झाल्याने पुरवठा होऊ शकला नाही.’ एवढ्या दोन वाक्यांत ते चार महिने संपले होते.

त्या वर्षी आमच्या बाकीच्या पार्ट्यांनाही तीच गोष्ट दिसली. कुठे श्वानदंशाची लस, कुठे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन. सगळं जुळवल्यावर त्याचा अहवालातला एक परिच्छेद झाला.

इथून पुढचा रस्ता कोणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडा सांगते. तपासणीचा अहवाल आधी कार्यालयप्रमुखाकडे जातो. त्यातला जड मुद्दा मसुदा परिच्छेद होऊन खात्याच्या सचिवांकडे जातो, उत्तराला सहा आठवडे. मग तो नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या अहवालात छापला जातो. संविधानाच्या १५१ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधिमंडळापुढे ठेववतात. केंद्राचा राष्ट्रपतींकडून संसदेपुढे. सभागृहात ठेवला की तो लोकलेखा समितीकडे जातो. आपल्या देशात ही समिती १९२१ पासून आहे. संसदेच्या समितीत बावीस खासदार असतात, पंधरा लोकसभेचे, सात राज्यसभेचे. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असा पायंडा आहे. आरोग्य हा राज्याचा विषय, त्यामुळे तुमच्या आईंच्या इंजेक्शनचा हिशोब दिल्लीपेक्षा आपल्या विधिमंडळाच्या समितीने विचारायचा असतो. तिथे साक्षीला खात्याचे सचिव येतात. धोरण बरोबर की चूक यात समिती पडत नाही. सभागृहाने ज्या कामासाठी पैसा मंजूर केला त्या कामाला तो लागला का, आणि त्यातून लोकांना काय मिळालं, एवढंच ती विचारते. हे ‘एवढंच’ फार मोठं आहे.

आमचा परिच्छेद समितीच्या टेबलावर आला तेव्हा त्या जूनला पाच वर्षं होऊन गेली होती. महालेखाकारांच्या, म्हणजे कॅगच्या राज्यातल्या कार्यालयाच्या, बाजूने कागद पुरवायला मागच्या रांगेत मी बसले होते. समितीतलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं. पुढे सभागृहात सादर झालेल्या अहवालात साक्षीचा जो गोषवारा छापला गेला, त्यापलीकडे मी जात नाही. खात्याचे सचिव होते, त्यांच्या मागे फायली घेतलेले अधिकारी. निविदा प्रक्रियेतल्या अडचणींचं उत्तर वाचून झालं. मग एका सदस्यांनी विचारलं की नोंदवहीत निरंक लिहिलेलं आहे त्या रात्री आलेल्या रुग्णाला काय दिलं, आणि ते कुठून आणलं? उत्तराला वेळ मागितला गेला. त्याच सदस्यांनी पुढे विचारलं, दरकरार मार्चमध्ये संपणार हे खात्याला कधी माहीत होतं? याला वेळ मागता येईना. दरकरार ज्या दिवशी झाला त्याच दिवशी त्याची शेवटची तारीख कागदावर असते.

तेहतीस वर्षांत मी पुष्कळ प्रश्न लिहिले. त्या माणसाने विचारलेला प्रश्न माझ्या हाफ मार्जिनमध्ये असायला हवा होता. तो पेशाने शेतकरी होता, त्याला पावसाळा ठाऊक होता.

समितीने शिफारस केली. दरकरार संपण्याच्या सहा महिने आधी नवी प्रक्रिया सुरू करा, जीवरक्षक औषधांच्या स्थानिक खरेदीची मर्यादा वेगळी ठेवा, पावसाळ्याआधी साठ्याचा आढावा घ्या. खात्याने परिपत्रक काढलं. दोन वर्षांनी मी दुसऱ्याच एका जिल्ह्यात गेले, तर तिथल्या भांडारात टेबलाच्या काचेखाली त्या परिपत्रकाची झेरॉक्स होती आणि भिंतीवर हाताने आखलेला तक्ता, ‘जीवरक्षक औषधे, किमान साठा’. ते भांडार सांभाळणाऱ्या मुलीला मी कोण हे माहीत नव्हतं, आणि तो परिच्छेद कुठून आला हेही. सर्पदंशाच्या औषधापुढे तिने लिहिलं होतं १४०. मी फ्रीज उघडायला सांगून मोजले, १४० भरले.

‘पुढे काय होतं’ याचं माझ्याजवळचं सगळ्यात खरं उत्तर म्हणजे हा तक्ता. पण सगळेच परिच्छेद तिथवर पोचत नाहीत, हेही सांगायला हवं. समितीला वर्षाला ठरावीक बैठका मिळतात. ती मोजके परिच्छेद साक्षीला घेते, बाकीच्यांवर लेखी खुलासे येतात आणि फायलीत बसतात. आणि ज्या दिवशी अहवाल सभागृहात ठेवतात तो बहुतेकदा अधिवेशनाचा शेवटचा दिवस असतो. आपल्या नागपूरकरांना तो दिवस चांगला माहीत आहे. विधानभवनाभोवतीचे कठडे निघायला लागलेले, आमदारांच्या गाड्या विमानतळाकडे वळलेल्या, आणि सभागृहाच्या पटलावर ते जाड पुस्तक ठेवलं जातंय. त्यावर चर्चा कोणी करायची? दुसऱ्या दिवशी पेपरात येतात ते ताशेरे याच पुस्तकातले.

२०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात राज्यातल्या सार्वजनिक आरोग्य सेवेवरचा कॅगचा अहवाल असाच ठेवला गेला. त्याचा कालखंड २०१६-१७ ते २०२१-२२. हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत होणाऱ्या खरेदीतला विलंब त्यात आहे. ही व्यवस्था २०१७ मध्ये आली. त्याआधी खात्याने केलेल्या औषध खरेदीवर घोटाळ्याचे आरोप झाले, अधिकारी निलंबित झाले, आणि खरेदी एका छताखाली आणायची म्हणून ती हाफकिनच्या महामंडळाकडे दिली. एका छताखाली आणण्यात चूक नव्हती. पण लस आणि सर्पदंशाचं औषध तयार करणाऱ्या संस्थेला अख्ख्या राज्याची सुई-कापसापासून सिटी स्कॅनपर्यंतची खरेदी करायला सांगितली, तर माणसं आणि यंत्रणाही तेवढी द्यावी लागते. पैसा हाफकिनच्या खात्यात, निविदा चाललेल्या, आणि खाली वॉर्डात चिठ्ठ्या. मग २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं. त्याच वर्षी सप्टेंबर संपून ऑक्टोबर उजाडताना नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बाळं. औषधं नव्हती असं एक बाजू म्हणाली, औषधांचा तुटवडा नव्हता असं सरकार म्हणालं. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. मला तेव्हा एकच दिसत होतं, त्या भांडारातली त्या दोन दिवसांची नोंदवही. दोन्ही बाजूंपैकी खरं कोण बोलतंय हे सांगणारा कागद तिथे होता.

अहवाल २०२४ चा, त्यातली शेवटची औषधं २०२२ ची. समितीपुढे येईपर्यंत आणखी वर्षं जातील. तोवर सचिव बदललेले असतात, पुरवठादाराने नाव बदललेलं असतं आणि फ्रीजही नवा आलेला असतो. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. तपासणी कडक नसेल तर एकवेळ चालेल, पण ती त्या पावसाळ्याच्या मागे-पुढे तरी व्हायला हवी.

हे जमत नाही असं कोणी म्हटलं की मी त्यांना इंग्लंडचं सांगते. भाचा तिकडे आहे, त्याने २०२० च्या हिवाळ्यात मला कामकाजाची लिंक पाठवली. कोविडच्या पहिल्या लाटेत तिथल्या सरकारने मास्क, गाऊन, हातमोजे यांची घाईने खरेदी केली. त्यांच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाहेर आला. मंत्री, खासदार, अधिकारी यांच्या ओळखीतून आलेल्या पुरवठादारांसाठी वेगळी रांग होती, असं त्यात आकड्यांनी मांडलं होतं. त्या रांगेतल्या ४९३ पुरवठादारांपैकी ४७ जणांना कंत्राट मिळालं, म्हणजे दहात एकाला. बाहेरच्या साध्या रांगेतल्या १४,८९२ पैकी १०४ जणांना, शंभरात एकालाही नाही. मग त्यांच्या लोकलेखा समितीने सचिवांना बोलावलं. ती समिती १८६१ पासूनची, आपली समिती तिच्याच धर्तीवरची. अध्यक्ष होत्या मेग हिलियर, तेव्हाच्या विरोधी पक्षाच्या. मी इथे जेवणं आटोपून, लॅपटॉप ओट्यावर ठेवून ते सगळं ऐकलं. साक्ष उघड होती, कोणीही बघावी. पुढे त्या खात्याच्या वार्षिक हिशोबात कबुली आली की २०२०-२१ मध्ये घेतलेल्या १२.१ अब्ज पौंडांच्या मालापैकी ८.७ अब्जांचं मूल्य खोडावं लागलं. काही माल वापरायलाच नालायक, काही मुदतीत संपणार नाही एवढा, आणि मोठा वाटा भाव पडले म्हणून. ती वेगळी रांग बेकायदा होती असं २०२२ च्या जानेवारीत तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं. गेलेला पैसा त्यांनाही फारसा परत मिळालेला नाही. पण महामारी चालू असताना, तीच माणसं त्याच खुर्च्यांवर असताना, त्यांना विचारलं गेलं.

आपल्याकडे साक्ष बंद दाराआड असते. का असावी, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. त्या शेतकरी सदस्याचा प्रश्न दूरदर्शनवर दिसला असता तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक भांडारात त्या रात्री कपाटं उघडली गेली असती.

आणि काही हिशोब तर त्या दारापर्यंतही जात नाहीत. मुंबई महापालिकेचं विशेष लेखापरीक्षण कॅगने केलं, तो अहवाल २०२३ च्या मार्चमध्ये विधानसभेत आला. त्यात कोविडवरच्या सुमारे साडेतीन हजार कोटींच्या खर्चाची तपासणी नाही, कारण साथरोग कायद्याचा हवाला देऊन महापालिकेने कागदच दिले नाहीत. १८९७ सालचा कायदा, प्लेगच्या वेळचा. साथीत निर्णय झटपट घ्यावे लागतात, चुका होतात, हे कोणालाही मान्य आहे. पण कागद दाखवायचेच नाहीत, हे त्या कायद्यात वाचायला मला तरी अवघड जातं. पीएम केअर्स या मदतनिधीचंही तसंच. तो सरकारी तिजोरीचा पैसा नाही म्हणून कॅगचं लेखापरीक्षण नाही, आणि लोकलेखा समितीपुढे तो येत नाही. त्यातून घेतलेली व्हेंटिलेटर मात्र सरकारी दवाखान्यांतच उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, ताई, चोरीचं बोला की. चोरी आहेच. ‘एल-वन’ म्हणजे सगळ्यात कमी दराची निविदा, ती स्वीकारली की सगळे मोकळे, अशी समजूत कार्यालयांत पक्की आहे. स्वस्तात घेतलेलं औषध काय करू शकतं हे मुंबईने १९८६ मध्ये पाहिलं. जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेलं ग्लिसरॉल औद्योगिक वापराचं निघालं, त्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल होतं. चौदा माणसं गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत एकेकाला उलटं-सुलटं विचारलं, अहवाल विधिमंडळापुढे आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. त्यानंतर मी तरी कधी नुसता दर बघून बिल बाजूला ठेवलं नाही, बॅचचा तपासणी अहवाल मागितलाच.

पण चोरी पकडायला सगळे टपलेले असतात, न आलेल्या औषधाचा वाली कोणी नसतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानावरचा कॅगचा २०१७ चा अहवाल काढून बघा. २७ राज्यांत मिळून न वापरलेली रक्कम २०११-१२ मध्ये ७,३७५ कोटी होती, ती २०१५-१६ मध्ये ९,५०९ कोटी झाली. हा पैसा कोणी खाल्ला नव्हता. तो बँकेत सुखरूप पडून होता, आणि खाली केसपेपरला चिठ्ठ्या टाचल्या जात होत्या. संसदेत कोणी त्यावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. नऊ हजार कोटींची चोरी झाली असती तर सभागृह आठवडाभर बंद पडलं असतं.

उपाय फार मोठे नाहीत. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीचं स्वतंत्र महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं, प्रत्येक दवाखान्याला पासबुक. बँकेसारखं. तुमच्या दवाखान्याचा वर्षाचा हक्क एवढ्या रुपयांचा, आज एवढं औषध उचललं, आता एवढं शिल्लक. मला त्या पासबुकाचं फार कौतुक आहे, कारण ते खालच्या माणसाच्या हातात असतं. माझ्या त्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांच्या हातात पासबुक असतं तर त्यांना लाल शाईच्या रेघा ओढत बसावं लागलं नसतं. गोदामात जाऊन त्यांनी हक्काचा माल मागितला असता.

आता तुमच्या आईंचं. त्या घरी आल्या, हिंडू-फिरू लागल्या, खूप बरं वाटलं. त्या तीन दिवसांच्या चिठ्ठ्या तुम्ही दुकानाच्या गल्ल्यात ठेवल्या आहेत म्हणालात. फेकू नका. मेडिकलची बिलंही त्यांना जोडून ठेवा. चिठ्ठीवर तारीख आहे, औषधाचं नाव आहे, वॉर्ड आहे. त्या तारखेला त्या औषधापुढे रुग्णालयाच्या साठा नोंदवहीत काय लिहिलंय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. निरंक लिहिलं असेल तर मागणीपत्र कधी गेलं त्याची स्थळप्रत मागायची. शिल्लक दाखवली असेल तर प्रश्न आणखी गंभीर, कारण मग ते औषध गेलं कुठे?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात लिहून ठेवलाय. तीन तारखा, तीन औषधं, नोंदवहीच्या त्या पानांच्या साक्षांकित प्रती. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलंय. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की आपल्या आमदारांना एक प्रत द्यायची, डिसेंबरच्या अधिवेशनाआधी, म्हणजे प्रश्न टाकायला त्यांना वेळ मिळेल. पत्र मी लिहून देईन. अर्ज तुमच्या नावाने आहे, सही तुमची लागेल. संध्याकाळी दूध घ्यायला खाली येईन तेव्हा घेऊन येते.